पायथन ३.१५ मधील नियोजित सुधारणा आणि देवनागरी मजकूर

प्रस्तावना :
संगणकशास्त्राबरोबरच संख्याशास्त्र, वाणिज्य आणि सामाजिक शास्त्रांच्या संशोधनातही पायथन या संगणकीय भाषेचा वापर होतो. गिदो व्हान रोसम यांनी निर्माण केलेली ही भाषा १९९१ मध्ये प्रथम प्रसिद्ध झाली. तिच्या ३.१५ या आवृत्तीचे प्रकाशन नियोजित वेळापत्रकानुसार ऑक्टोबर २०२६ मध्ये अपेक्षित आहे. तीत अनेक सुधारणा समाविष्ट असल्या, तरी मराठीत नोंदी ठेवणाऱ्या महाविद्यालयांच्या दृष्टीने त्यांतील एक विशेष महत्त्वाची आहे. प्रस्तुत लेखात तिचे स्वरूप व मर्यादा स्पष्ट केल्या आहेत.

समस्येचे स्वरूप :
संगणक अक्षरे अंकांच्या रूपात साठवतो. या अंकांचा अर्थ लावण्याच्या नियमाला संकेतन म्हणतात. युटीएफ-८ या संकेतनात देवनागरीतील प्रत्येक चिन्हास तीन बाइट लागतात. पायथन ३.० (२००८) पासून प्रोग्रामचा स्वतःचा मजकूर युटीएफ-८ मध्येच गृहीत धरला जातो. मात्र संकेतन न सांगता बाहेरची फाइल उघडल्यास विंडोजवर यंत्राचे स्थानिक संकेतन लागू होते. भारतातील इंग्रजी मांडणीच्या संगणकावर ते बहुधा १२५२ क्रमांकाचे कोड पेज असते आणि त्यात देवनागरीला स्थानच नाही.

याचा परिणाम जिल्ह्याच्याच नावावरून स्पष्ट होतो. 'अहमदनगर' या नावात ७ चिन्हे, म्हणजे २१ बाइट आहेत. ते चुकीच्या संकेतनाने वाचल्यास २१ निरर्थक रोमन चिन्हे मिळतात. प्रोग्राम मात्र कोणतीही तक्रार करीत नाही. २०२४ मधील नामांतरानंतरच्या 'अहिल्यानगर' या नावात हलन्ताच्या चिन्हासह १० चिन्हे, म्हणजे ३० बाइट आहेत. हलन्ताच्या शेवटच्या बाइटला कोड पेज १२५२ मध्ये अर्थ नसल्याने येथे प्रोग्राम त्रुटी दाखवून थांबतो. या दोहोंपैकी पहिला प्रकार अधिक घातक होय. कारण विद्यार्थ्याचे बिघडलेले नाव कोणाच्याही लक्षात न येता गुणपत्रकापर्यंत पोहोचू शकते.

नियोजित सुधारणा :
इनादा नाओकी यांच्या स्वीकृत प्रस्तावानुसार ३.१५ मध्ये युटीएफ-८ हे सर्व संगणकांवर मूलभूत संकेतन ठरेल. ही सोय ३.७ (२०१८) पासून ऐच्छिक स्वरूपात उपलब्ध होती. आता ती आपोआप लागू होईल. आवश्यकता भासल्यास ती बंद ठेवण्याचा मार्गही कायम राहील. याच आवृत्तीत प्रोग्रामला लागणारी ग्रंथालये प्रत्यक्ष गरज पडेपर्यंत न उघडण्याची सोय येणार आहे. त्यामुळे अनेक ग्रंथालयांवर अवलंबून असलेले प्रोग्राम जलद सुरू होतील. प्रयोगशाळांतील जुन्या संगणकांवर हा लाभ जाणवण्याजोगा ठरेल.

मर्यादा व दक्षता :
या बदलाने सर्व अडचणी दूर होतील असे नाही. कृतिदेव, श्रीलिपी यांसारख्या जुन्या फाँटमधील नोंदी मुळात युनिकोडमध्ये नसतात. पडद्यावर देवनागरी दिसले तरी आत रोमन लिपीचेच संकेत असतात. अशा फाइलींत १२७ पुढील बाइट असल्यास आजवर विनातक्रार चालणारा प्रोग्राम नव्या आवृत्तीत सहसा त्रुटी दाखवून थांबेल. म्हणून त्या उघडताना जुने संकेतन स्पष्टपणे नमूद करणे आणि नंतर मजकूर युनिकोडमध्ये रूपांतरित करणे श्रेयस्कर ठरते. संकेतन नमूद न केलेल्या जागांची सूचना मिळविण्याची सोय ३.१० पासून उपलब्ध असल्याने ही तपासणी आवृत्ती बदलण्यापूर्वीच करता येते.

वर्णानुक्रमाचा प्रश्नही शिल्लक राहतो. मराठी वर्णमालेत 'ळ' हा वर्ण 'ह' नंतर येतो, तर युनिकोडच्या तक्त्यात तो 'ल' नंतर लगेच आहे. परिणामी संगणकीय यादीत 'काळे' हे आडनाव 'कासार' या आडनावाच्या आधी येते. मराठी क्रम हवा असल्यास त्यासाठी स्वतंत्र नियम द्यावा लागतो.

समारोप :
संकेतनातील हा बदल वरकरणी किरकोळ वाटतो. तथापि मराठी नावे, पत्ते व सर्वेक्षणातील उत्तरे अचूक राहण्याशी त्याचा थेट संबंध आहे. नवी आवृत्ती स्वीकारण्यापूर्वी महाविद्यालयांनी जुन्या फाइलींची छाननी करावी आणि अध्यापनातही फाइल उघडताना संकेतन स्पष्टपणे लिहिण्याची सवय विद्यार्थ्यांना लावावी. भाषेची आवृत्ती कोणतीही असली, तरी ही सवय उपयुक्तच ठरेल.