'दाद' : एका शब्दाचा आणि एका गरजेचा विचार

वाचक-श्रोत्यांच्या प्रतिसादासाठी मराठीत जे शब्द रूढ आहेत, त्यांत 'दाद' हा शब्द विशेष विचारणीय आहे. मूळ फारसीत त्याचा एक प्रमुख अर्थ न्याय असा होय. 'दाद मागणे', 'दाद लागणे', 'दादफिर्याद' या प्रयोगांत मराठीने तो अर्थ राखला. मैफलीत गवयाला मिळणारी दाद मात्र प्रशंसेच्या अर्थी स्थिरावली. लेखकाला वाचकाकडून नेमके काय हवे असते, याचा विचार करताना यांपैकी जुना अर्थच अधिक उपयोगी पडतो.

ज्ञानेश्वरीच्या नवव्या अध्यायाच्या आरंभी ज्ञानदेव श्रोत्यांकडे अवधान मागतात. चंद्रकांतमणी पाझरतो हे खरे, परंतु ते सामर्थ्य चंद्राचे. त्याचप्रमाणे श्रोत्यावाचून वक्त्याला वक्तेपण नाही, असा त्यांचा युक्तिवाद आहे. शके 1212 मधील या ग्रंथात श्रोता समोर बसलेला आहे, आणि त्याला उद्देशून येणारा द्वितीय पुरुष हा केवळ अलंकार नव्हे. मुद्रणाने ही स्थिती पालटली. छापील कथेत वा भावकवितेत वाचकासाठी व्याकरणाने राखलेली जागा बहुधा नसते. त्याचे उत्तर आलेच, तर ते उशिरा येते.

किती उशिरा, हे केशवसुतांच्या उदाहरणावरून कळते. त्यांच्या कविता जळगावच्या 'काव्यरत्नावली'सारख्या मासिकांतून छापून येत; हयातीत मात्र त्यांचा एकही संग्रह निघाला नाही. 1904 मध्ये ते शिक्षक म्हणून धारवाडास गेले आणि 1905 च्या नोव्हेंबरात हुबळी येथे प्लेगने वारले. हरि नारायण आपटे यांनी त्यांची कविता पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली ती 1917 साली. आधुनिक मराठी कवितेचे प्रवर्तक हा निवाडा पुढे सर्वमान्य झाला. तो ऐकण्यास फिर्यादी उरला नव्हता.

त्याच धारवाडात पुढे जी. ए. कुलकर्णी (1923–1987) इंग्रजीचे अध्यापन करीत. त्यांची गोष्ट नेमकी उलट आहे. 'निळासावळा' (1959) पासून त्यांना वाचक लाभले, कीर्तीही लाभली. परंतु सभा-संमेलनांपासून ते कटाक्षाने दूर राहिले. यावरून त्यांना वाचकाची गरजच नव्हती असे अनुमान काढण्यात येते. ते घाईचे आहे. 'काजळमाया' या संग्रहास 1973 चे साहित्य अकादमी पारितोषिक मिळाले. पुस्तकाच्या प्रकाशनकालासंबंधी वाद निघताच त्यांनी ते परत केले. मान्यतेविषयी बेफिकीर असणारा लेखक एवढे कष्ट घेत नाही. पारितोषिक ठेवून घेऊन गप्प बसणे हीच खरी बेफिकिरी ठरली असती. येथे दिसतो तो निवाड्याच्या शुद्धतेविषयीचा आग्रह.

दुसरा पुरावा त्यांच्या पत्रांचा. जाहीर व्यासपीठ टाळणारा हा लेखक सुनीता देशपांडे, श्री. पु. भागवत, राम पटवर्धन यांसारख्या वाचक-संपादकांना विस्ताराने लिहीत राहिला. पत्र हा असा लेखनप्रकार आहे की ज्यात मुद्रणाने नाहीसा केलेला द्वितीय पुरुष आपोआप परत येतो. ज्याला उत्तर देता येईल, प्रसंगी विरोधही करता येईल, असा 'तुम्ही' तेथे असतो. टाळ्या वाजविणाऱ्या समुदायाला तशी सोय नाही. जी.एं.नी नाकारला तो समुदाय, वाचक नव्हे.

त्यांच्या मृत्यूनंतर ही पत्रे निवडक स्वरूपात चार खंडांत प्रसिद्ध झाली. पहिल्या खंडात सुनीता देशपांडे यांना लिहिलेली पत्रे आहेत. सुनीताबाईंची पत्रे 'प्रिय जी. ए.' या स्वतंत्र पुस्तकात. एकाच संवादाचे दोन अर्ध अशा रीतीने दोन पुस्तकांत विभागले गेले आहेत, आणि अभ्यासकाला ते शेजारी ठेवून, तारखा जुळवीत वाचावे लागतात.