संगणकाची वर्णमाला आणि सिंधी ‘ॿ’

ज्यांनीं छंदःशास्त्र थोडेंबहुत वाचलें आहे, त्यांस संगणकाची लिपि परकी वाटूं नये. पिंगलाच्या प्रस्तारांत जसे लघु आणि गुरु, तसे येथें ० आणि १. संगणक अक्षर जाणत नाहीं. अक्षरास नेमून दिलेला क्रमांक तेवढा ओळखतो. युनिकोडमध्यें ‘क’चा क्रमांक २३२५, द्विमान पद्धतीनें तो १००१०००१०१०१ असा लिहितात. जणूं बारा अक्षरांचा एक चरणच!

आतां अंबरनाथ-बदलापूरच्या शेजारचें उल्हासनगर पाहा. १९४९ सालीं सिंधी निर्वासितांच्या छावणीचें हें नगर झालें. सिंधींत श्वास आंत ओढून उच्चारावयाचे चार वर्ण आहेत. देवनागरींत ते ग, ज, ड, ब यांखालीं आडवी रेघ देऊन लिहितात. ‘ॿार’ म्हणजे मूल, ‘बार’ म्हणजे ओझें. रेघ गळली कीं मुलाचें ओझें होतें! युनिकोडांत देवनागरी १९९१ सालीं आली, परंतु ह्या चौघांस स्वतंत्र क्रमांक २००६ सालीं मिळाले. तोंवर ‘ब’खालीं वेदांतील अनुदात्ताची खूण उसनी जोडावी लागे, म्हणजे एका वर्णास दोन क्रमांक. वैदिकांस हें कितपत रुचलें असतें, कोण जाणे! आतां ‘ॿ’चा क्रमांक २४३१ आहे.