पाच थाळ्या, दहा गोळ्या

पाचही थाळ्या जागेवर असल्या की ते चाक हलत नाही. लोखंडी खांबाला एक आस, आसावर पाच हात आणि प्रत्येक हाताच्या टोकाला खोबणीत बसवलेली साधारण आठ इंची गोल पोलादी थाळी. दोन हातांमधला कोन 72 अंशांचा, वजन सगळीकडे सारखं, म्हणून सगळं गप्प. गोळी लागून एक थाळी पडली की तोल जातो. जत्रेतल्या पाळण्याच्या एका बाजूची माणसं उतरल्यावर जड बाजू जशी खाली ओढ घेते, तसं हे चाक फिरायला लागतं. मोटर नाही, दोरी नाही. उरलेल्या थाळ्या आता हलत्या झाल्या आणि त्या हलवल्या नेमबाजानेच.

याला टेक्सास स्टार म्हणतात. प्रॅक्टिकल पिस्तूल स्पर्धांमध्ये, म्हणजे आयपीएससी या संघटनेच्या नेमबाजीत, पुठ्ठ्याची स्थिर लक्ष्यं असतात, पडणारे पोलादी पत्रे असतात आणि एखाद्या स्टेजवर हा स्टार असतो. दक्षिण ऑन्टॅरिओतल्या एका क्लबवर मी तो बघायला गेले, ते एका वाक्यामुळे. मराठी मंडळाच्या कोजागिरीला मृत्युपत्रांचा विषय निघाला होता. आमच्या पिढीच्या कोजागिरीला हल्ली असेच विषय निघतात. मूळचे इचलकरंजीचे एक काका म्हणाले, "घर लेकीला, गाडी लेकाला. पिस्तूल कुणालाच नाही." सगळे हसले, काका सोडून.

काकांचा गुडघा आता पळू देत नाही, त्यामुळे ते स्पर्धेत उतरत नाहीत. स्टार सांभाळतात. मिसिसागात टूल अँड डायचं काम करण्यात त्यांचं आयुष्य गेलं. हा स्टार त्यांनीच वेल्ड केलेला, बेअरिंगही त्यांनीच बसवलेलं. थाळ्या मात्र कडक पोलादाच्या विकत आणलेल्या. "साधं पोलाद लावलं तर खड्डे पडतात आणि खड्ड्यातून शिशाचे तुकडे उलटे येतात," असं म्हणत त्यांनी माझ्या हातात चष्मा ठेवला. चष्मा प्रेक्षकांनाही सक्तीचा. पोलादावर सात मीटरपेक्षा जवळून गोळी झाडली तर स्पर्धक थेट बाद होतो.

स्टेजचा क्रम ठरलेला. रेंज ऑफिसर "लोड अँड मेक रेडी" म्हणतो, मग "आर यू रेडी?", मग "स्टँड बाय". टायमरची शिटी वाजते आणि माणूस सुटतो. पिस्तुलाची नळी ठरलेल्या कोनाबाहेर वळली किंवा पिस्तूल हातातून पडलं तर त्याचा दिवस तिथेच संपला. शेवटी पिस्तूल रिकामं करून दाखवायचं, "रेंज इज क्लिअर" ऐकू आलं की बाकीच्यांनी पुढे जायचं.

माझं लक्ष काकांच्या कामाकडेच जात होतं. ते लंगडत पुढे जायचे, मातीतून थाळ्या उचलायचे, शिशाचा काळा डाग पुसायचे, थाळी खोबणीत बसवायचे आणि पांढऱ्या स्प्रे पेंटचा एक झोत मारायचे. जळलेल्या दारूच्या वासावर त्या पेंटचा वास चढायचा. मग चाकाच्या मध्यावरची खडूची रेघ खांबावरच्या रेघेशी जुळवायची. एक थाळी घड्याळातल्या बरोबर बारावर आली पाहिजे. रेघ बोटभर सरकली तर पुढच्या माणसाला वेगळं चाक मिळालं, असा त्यांचा हिशेब. उन्हात तासन्‌तास एकच काम, पण रेघ जुळवताना एकदाही घाई नाही.

बाराचं महत्त्व मला चौथा-पाचवा स्पर्धक बघताना कळलं. एका तरुणाने सगळ्यात खालची, सोपी वाटणारी थाळी आधी टिपली. वरची बाजू जड झाली आणि चाक असं उलटलं की पुढच्या तीन गोळ्या मागच्या मातीच्या बांधात गेल्या. त्याच्यानंतर आलेल्या बाईंनी आधी बारावरची थाळी पाडली. चाक जागचं हललं नाही. वरचं वजन गेलं, खालचं जड राहिलं, म्हणजे तोल उलट पक्का झाला. मग त्यांनी उजवी आणि लगेच डावी थाळी पाडली. चाकाने वेग घ्यायच्या आत तिन्ही गेल्या. खाली दोनच उरल्या, त्या झुलत होत्या. बाई थाळ्यांच्या मागे धावल्या नाहीत. झोका टोकाला जाऊन क्षणभर थांबतो, तिथे त्यांनी नेम धरून ठेवला होता.

"पाच थाळ्या, दहा गोळ्या," काका म्हणाले. कॅनडात पिस्तुलाच्या मॅगझिनमध्ये दहापेक्षा जास्त गोळ्या भरायला कायद्याने मनाई आहे. सीमेपलीकडे अमेरिकेत ओपन गटातल्या लांब मॅगझिनमध्ये वीसहून जास्त मावतात. तिथला नेमबाज चाकावर गोळ्यांचा पाऊस पाडू शकतो. इथे प्रत्येक थाळीला दोनच संधी, त्यानंतर मॅगझिन बदला, आणि तेवढ्यात चाक कुठल्या कुठे. चुकलेल्या गोळीला दंड नाही, उभ्या राहिलेल्या थाळीला आहे. पडलेल्या थाळीचे पाच गुण, उभीचे उणे दहा, आणि एकूण गुणांना लागलेल्या सेकंदांनी भागायचं. नुसत्या स्टारचा हिशेब केला तर पाचही पाच सेकंदांत पाडणाऱ्याला पाचचा भागाकार मिळतो. एक सोडून चार सेकंदांत उरकणाऱ्याचे वीसमधून दहा जातात आणि भागाकार अडीचवर येतो. म्हणून घाई महाग पडते. "दहात बसवायचं म्हणून आमची पोरं डोकं लावायला शिकली," काका म्हणाले. पोरं म्हणजे पन्नाशीतली.

हा खेळ बंदुकीचा आहे, हे मी विसरले नव्हते. आयपीएससीची स्थापना 1976 साली अमेरिकेतल्या मिसुरी राज्यात कोलंबिया इथे झाली. पहिले अध्यक्ष जेफ कूपर हे मरीन कॉर्प्समधले माजी अधिकारी, आणि लढाईचा सराव हेच या खेळाचं मूळ. कमरेचं पिस्तूल काढून पळत गोळ्या झाडणारी माणसं बघताना माझ्या पोटात थोडं ढवळलंही. नेमबाज राही सरनोबतला 2018च्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण मिळालं, तेव्हा मी टीव्हीसमोर टाळ्या वाजवल्या होत्या. तिथे 25 मीटरवर एका हाताने, एका जागी उभं राहून मारायचं असतं, आणि ते बघताना मला कधी असं झालं नाही.

कॅनडाच्या कायद्यानेही नेमकी हीच रेघ ओढली आहे. एप्रिल 2020 मध्ये नोव्हा स्कोशियात एका माणसाने 22 जणांचा जीव घेतला. त्याच्याकडे परवाना नव्हता आणि बहुतेक शस्त्रं अमेरिकेतून चोरून आणलेली होती. पुढे 21 ऑक्टोबर 2022पासून देशभर पिस्तुलांची खरेदी, विक्री आणि हस्तांतर गोठवलं गेलं, आणि डिसेंबर 2023 मध्ये सी-21 विधेयकाने त्याला कायद्याचं रूप दिलं. ज्यांच्याकडे नोंदणी केलेलं पिस्तूल आहे त्यांनी ते ठेवावं, रेंजवर वापरावं. नव्या माणसाला मात्र मिळणार नाही आणि मुलाच्या नावावरही करता येणार नाही. सूट मुख्यतः ऑलिंपिक आणि पॅरालिंपिकमधल्या नेमबाजांना. लिंडा थॉमने 1984 साली लॉस एंजेलिसमध्ये कॅनडाला स्पोर्ट पिस्तूलचं सुवर्ण मिळवून दिलं, तो प्रकार सुटला. आयपीएससी ऑलिंपिकमध्ये नाही, त्यामुळे हे चाक सुटलं नाही.

मी काकांना विचारलं, "मग लेकाने ऑलिंपिकचा प्रकार शिकावा की!"

"शिकेल. पण तिथे थाळी हलत नाही गं."

इथे पिस्तुलांची नोंदणी 1934पासून सक्तीची आहे. परवानाधारकाचं नाव पोलिसांच्या नोंदींशी रोज ताडून पाहिलं जातं. पिस्तूल घरून रेंजवर नेतानाही गोळ्या काढलेल्या, ट्रिगरला कुलूप, पेटीला कुलूप. आयपीएससीत उतरायचं तर आधी ब्लॅक बॅजचा अभ्यासक्रम पुरा करावा लागतो. एवढी चाळण पार करून आलेल्या माणसांच्या हातून सरकारला धोका वाटत असेल, तर त्यांची पिस्तुलं आजच का ठेवली? आणि वाटत नसेल, तर त्यांच्या मुलांनी काय केलं? पिस्तुलं कमी व्हावीत या इच्छेशी माझं भांडण नाही. पण म्हातारे नेमबाज एकेक करून जाईपर्यंत थांबायचं, हा उपाय मला भित्रा वाटतो.

दहा गोळ्यांची मर्यादा हाही सरकारी नियमच होता. लोकांनी कुरकुर केली असेल, पण तो नियम खेळात मुरला. त्यातून बारावरची थाळी आधी पाडायची शिस्त आली, झोका टोकाला जाईपर्यंत थांबायचा संयम आला. नियम कडक असला तरी त्यात काही शिकायला जागा होती. 2022च्या नियमात तशी जागा नाही. शिकणाराच नको म्हटल्यावर काकांनी खडूची रेघ जुळवायचं काम कुणाला शिकवायचं?