राजवाड्याचा चुना आणि पाताळातील वायू

तंजावूरच्या राजवाड्यात सरस्वती महाल ग्रंथालयाकडे जाणारा मराठी प्रवासी सरफोजीराजांचे स्मरण करतो, मोडी कागदांविषयी चौकशी करतो. भिंतीवरील चुन्याकडे मात्र त्याचे सहसा लक्ष जात नाही. नायक राजांनी उभारलेल्या आणि १६७५ च्या सुमारास व्यंकोजी भोसल्यांच्या हाती आलेल्या या वास्तूत रसायनशास्त्राचा एक मोठा पाठ आहे. चुनखडी किंवा शिंपले भट्टीत भाजले, की त्यांतील कार्बन डायऑक्साइड उडून जातो व कळीचा चुना उरतो. तो भिजवून, घोटून भिंतीवर चढविला, म्हणजे हवेतील तोच वायू सावकाश शोषून घेऊन पुन्हा चुनखडी बनतो. वायूचा दगड होतो तो असा.

कारखान्यांच्या धुराड्यांतील हा वायू जमिनीखाली कोंडून त्याचाही असाच दगड करता येईल काय, हा आजचा प्रश्न आहे. सुमारे ८०० मीटरांहून खाली दाबामुळे तो जवळजवळ द्रवासारखा दाट होतो. कावेरीच्या खोऱ्याखाली आहेत तशा वालुकाश्मांच्या खोल थरांत खारे पाणी असते. वायू त्याहून हलका, म्हणून तो वर चढू पाहतो आणि वरच्या घट्ट चिखलदगडाखाली अडतो. यथावकाश काही भाग पाण्यात विरघळतो. ते पाणी आंबट आणि किंचित जड होऊन खाली बसते. आता गळतीची भीती कमी होते. तोवर मात्र सगळी भिस्त त्या झाकणावर आणि विहिरीभोवतीच्या सिमेंटावर. आम्ल सिमेंटालाही खाते, हे विसरून चालत नाही. नॉर्वेच्या समुद्रातील स्लाइप्नर येथे १९९६ पासून असा साठा करण्यात आला. पण वाळूतील गारगोटी या आम्लाला दाद देत नाही. तेथे दगड होण्यास हजारो वर्षे लागावीत.

खाऱ्या पाण्याची आणखी एक खोड आहे. कोरडा वायू विहिरीच्या तोंडाशी पाणी शोषून नेतो आणि मागे राहिलेले मीठ खडकाची छिद्रे बुजविते. जुन्या भिंतीला लोणा लागतो, त्याचाच हा पाताळातील भाऊ!

काळ्या कातळाची गोष्ट निराळी. त्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम व लोह विपुल असून आंबट पाण्यात ते सुटतात, वायूशी संयोग पावतात आणि कार्बोनेटाचे खडे बनून छिद्रांत बसतात. आइसलँडमध्ये २०१२ साली पाण्यात विरघळवून सोडलेल्या वायूपैकी ९५ टक्क्यांहून अधिक भागाचा दोन वर्षांच्या आत दगड झाला, असे २०१६ साली प्रसिद्ध झाले. दक्खनचा कातळ त्याच जातीचा, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा आणि ५ लाख चौरस किलोमीटरांवर पसरलेला. पुणे–नाशिककडील खाणींत त्याच्या पोकळ्यांतून कॅल्साइटाचे स्फटिक सापडतात. म्हणजे निसर्गाने हा प्रयोग येथे कधीच करून ठेवला आहे.

अडचण पाण्याची आहे. या पद्धतीने एक टन वायू विरघळविण्यास सुमारे २५ टन पाणी लागते. मराठवाड्यासारख्या अवर्षणाच्या मुलखात ते गोडे पाणी कोणी द्यावयाचे? समुद्राच्या पाण्याने हे काम साधते काय, याचे प्रयोग आइसलँडमध्ये सुरू झाले आहेत. आणि कोकणात तर हाच कातळ थेट समुद्रात उतरतो.