कॅमेऱ्यामागच्या माणसाचा फोटो

सत्यजित राय म्हटलं की डोळ्यांसमोर काय येतं? उंचच्या उंच माणूस, व्ह्यूफाइंडरला लावलेला डोळा, नाहीतर तोंडात पाइप. ब्लॅक अँड व्हाइट. आपण तो फोटो स्टेटसला ठेवतो, खाली 'लेजंड' लिहितो. काढला कुणी, हे मात्र विचारत नाही. त्यातले कितीतरी फोटो निमाई घोष यांचे आहेत.

१९३४ साली जन्मलेले निमाईदा मुळात कोलकात्यातले नट, उत्पल दत्त यांच्या लिट्ल थिएटर ग्रुपमधले. फोटोग्राफी कुठे शिकले नव्हते. कुणीतरी टॅक्सीत विसरलेला कॅनोनेट कॅमेरा त्यांच्या एका मित्राच्या हाती लागला. त्याच्याकडून निमाईदांना २४० रुपये येणं होतं. पैसे राहू देत, कॅमेरा दे, म्हणाले. (मूळ मालकाबद्दल वाईट वाटतं, पण असो!)

तेव्हा बीरभूम जिल्ह्यात रामपुरहाटला 'गुपी गाइन बाघा बाइन'चं शूटिंग चालू होतं. बाघा झालेले रबी घोष हे नाटकातले जुने दोस्त. निमाईदा तिथे गेले आणि तालमी चालू असताना फोटो काढत बसले. कलादिग्दर्शक बन्सी चंद्रगुप्त यांनी ते राय यांना दाखवले. तुम्ही तर माझेच अँगल घेतलेत, असं राय म्हणाल्याची आठवण निमाईदा सांगायचे. तिथून १९९१च्या 'आगंतुक'पर्यंत त्यांनी राय यांची साथ सोडली नाही.

स्टिल फोटोग्राफरचं नेहमीचं काम म्हणजे पोस्टरसाठी, पेपरसाठी, थिएटरबाहेरच्या शोकेससाठी सीनचे फोटो काढणं. ते तर त्यांनी केलंच. पण त्यांचा कॅमेरा सारखा उलटा वळायचा, सीन घडवणाऱ्या माणसाकडे. राय नटाला समजावताना, स्केच काढताना, जमिनीवर बसून फ्रेम बघताना. तेही फ्लॅशशिवाय, असेल त्या उजेडात. कमी उजेडात शटर हळू ठेवावा लागतो, समोरचा जरा हलला की फोटो गेला. म्हणजे तो कधी थांबणार हे आधीच ओळखायचं. मला वाटतं, इथे नाटकातली वर्षं कामी आली असणार. समोरच्याचा पॉज नटाइतका कुणाला कळतो?

जॉन्सनचं चरित्र लिहिणारा बॉस्वेल आठवतो? निमाईदा म्हणजे पेनाऐवजी कॅमेरा घेतलेला बॉस्वेल, असं राय यांनीच म्हटलंय. राय यांच्यावरच्या त्यांच्या पुस्तकाला प्रस्तावना लिहिली खुद्द आंरी कार्तिए-ब्रेसाँ यांनी. २०१०मध्ये पद्मश्री मिळाली. २५ मार्च २०२०ला, देशातल्या लॉकडाउनच्या पहिल्याच दिवशी, ते गेले.

डिजिटलकडे ते कधी वळले नाहीत. मागे ठेवलेले फोटो ९० हजारांच्या वर. एका रोलमध्ये ३६ फ्रेम धरल्या तर अडीच हजार रोल झाले. म्हणजे अडीच हजार वेळा थांबून कॅमेरा उघडायचा, रोल बदलायचा. आणि नेमकं तेवढ्यात समोर राय काहीतरी भारी करून मोकळे झालेले असणार!