शाळा आपली केव्हा वाटते?

संस्थेच्या अभ्यासिकेत रोज सायंकाळी बसणारे आम्ही विद्यार्थी. आमच्यापैकी काही नववी-दहावीत आहेत, तर काही नुकतेच दहावी होऊन अकरावीला गेले आहेत. स्मरणिकेसाठी विद्यार्थ्यांनी आपल्या शाळेविषयी लिहावे असे कार्यकारिणीने सुचविले, तेव्हा बहुतेकांच्या मनात पहिला विषय आला तो स्नेहसंमेलनाचा. कोणी नाटकाविषयी लिहू म्हणाले, कोणी लेझीमविषयी. तेवढ्यात मागच्या बाकावरून एकाने विचारले, "ज्याला गॅदरिंगमध्ये कधी घेतलेच नाही, त्याने काय लिहायचे?" त्या प्रश्नावर त्या दिवशी दोन तास चर्चा झाली. पुढील लेख त्या चर्चेतून तयार झाला आहे.

शाळेविषयीचा अभिमान म्हणजे काय, हे प्रथम पाहू. सकाळी परिपाठाला आपण रांगेत उभे राहतो, राष्ट्रगीत होते, प्रतिज्ञा होते. (ही प्रतिज्ञा १९६२ साली पैडिमर्री व्यंकट सुब्बाराव नावाच्या कोषागार अधिकाऱ्याने विशाखापट्टणम येथे तेलुगू भाषेत लिहिली. रोज म्हणणाऱ्यांपैकी फार थोड्यांना हे ठाऊक असते, आम्हालाही नव्हते.) शाळेचा गणवेश, शाळेचा ध्वज, एनसीसीचे संचलन, क्रीडामहोत्सवातील लाल, पिवळा, हिरवा, निळा असे गट, ही सर्व शाळेशी मुलांना जोडण्याची साधने होत. यांतील गटांची पद्धत मूळ इंग्लंडमधील निवासी शाळांची. तेथे मुले ज्या घरात राहत, त्या घराच्या नावाने खेळत. एकत्र राहणे, एकत्र जेवणे आधी होते आणि घराचा रंग त्यानंतर आला. आपल्याकडे मात्र रंग आधी आला. वर्षातून चार दिवस अंगात निळा टी-शर्ट घातल्याने कोणी निळ्या गटाचा होत नाही, हा आमचा अनुभव आहे.

दोन वर्षांपूर्वी आमच्या शाळेचा कबड्डीचा संघ तालुक्यात अंतिम फेरीला गेला. चढाई करणारा मुलगा नववी 'ड' मधला होता. त्या दिवशी अख्खी शाळा मैदानाभोवती उभी होती, घसा बसेपर्यंत आम्ही ओरडलो. मुख्याध्यापकांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवून फोटो काढला. सोमवारी तो पुन्हा 'ड' मध्ये जाऊन बसला. त्या वर्गाला गणिताचे शिक्षक दिवाळीपर्यंत मिळालेले नव्हते, आणि ते दिवाळीनंतर तरी मिळावेत म्हणून कोणी मैदानाभोवती उभे राहिले नाही.

आमच्या शाळेत तुकड्या गुणांवरून पाडतात. आठवीच्या वार्षिक परीक्षेत ज्याला अधिक गुण तो 'अ' मध्ये, आणि असे करीत खाली खाली 'ड'. हुशार मुलांना एकत्र शिकविणे सोपे जाते, असे याचे कारण सांगितले जाते. शिक्षकांची अडचण आम्ही समजू शकतो. एका वर्गात साठ-पासष्ट मुले असतात. परंतु याचा दुसरा परिणाम असा होतो की, वक्तृत्व स्पर्धा, विज्ञान प्रदर्शन, सूत्रसंचालन, पाहुण्यांचे स्वागत या सर्वांसाठी मुले 'अ' मधूनच घेतली जातात. 'ड' च्या वाट्याला खुर्च्या मांडणे आणि मंडपाच्या दोऱ्या ओढणे येते. त्यातही मजा असते हे कबूल केले पाहिजे. पण तीन वर्षे फक्त खुर्च्याच मांडल्या, तर तो कार्यक्रम दुसऱ्याच्या घरचा वाटू लागतो.

आता जी गोष्ट लिहावी की न लिहावी यावर आमच्यात मतभेद झाले, ती सांगतो. वर्गात शिष्यवृत्तीचे अर्ज भरून घेण्याची वेळ आली की, शिक्षक हजेरीपट उघडतात आणि म्हणतात, "एससीवाले उभे राहा. एनटीवाले उभे राहा." मग उभे राहिलेल्यांची मोजणी होते. यात सरांचा काही वाईट हेतू नसतो. त्यांना वरून तक्ता भरून मागितलेला असतो आणि तो संध्याकाळपर्यंत द्यायचा असतो. घरी आम्ही हे सांगितले तेव्हा वडीलमंडळी म्हणाली, "शिष्यवृत्ती आपल्या हक्काची आहे, उभे राहायला लाज कसली?" त्यांचे म्हणणे खरे आहे. शिष्यवृत्तीची आम्हाला लाज नाही. पण उभे राहिल्यावर बसलेल्यांच्या नजरा आपल्याकडे वळतात, मधल्या सुटीत कोणीतरी "तुमचं काय, तुम्हाला फुकट" असे हसत हसत म्हणतो, आणि काल ज्याच्याबरोबर डबा खाल्ला तो आज त्यावर काहीच बोलत नाही, हे वडीलमंडळींना वर्गात बसून पाहता येत नाही. आमच्यातील एक मुलगी आठवीत असताना उभीच राहिली नाही. तिचा अर्ज त्या वर्षी भरला गेला नाही. घरी तिने "फॉर्म आलेच नाहीत" असे सांगितले. तिच्या आईला खरी गोष्ट या लेखाच्या निमित्ताने कळली.

शाळेत आपली जागा कोठे, हा प्रश्न आपल्या समाजाला नवा नाही. ७ नोव्हेंबर १९०० रोजी सातारा येथील सरकारी हायस्कूलमध्ये, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कूलमध्ये, भिवा रामजी आंबेडकर या नावाने बाबासाहेबांचा प्रवेश झाला. हा दिवस २०१७ पासून महाराष्ट्रात विद्यार्थी दिवस म्हणून साजरा होतो. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आपल्या आठवणींत बाबासाहेबांनी लिहिले आहे की, वर्गात आपल्या क्रमांकानुसार इतरांमध्ये बसण्याची त्यांना मुभा नव्हती. कोपऱ्यात वेगळे बसावे लागे. बसावयाचे गोणपाट संध्याकाळी घरी न्यावे लागे आणि सकाळी परत आणावे लागे, कारण शाळा झाडणारा नोकर त्याला हात लावीत नसे. शिपाई असेल तरच पाणी मिळे, नाहीतर तहानलेलेच राहावे लागे. पुढे मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये शिक्षकांनी त्यांना फळ्याजवळ बोलाविले, तेव्हा फळ्यामागे ठेवलेले डबे उचलण्यासाठी मुलांची एकच धावपळ उडाली, ही आठवण तर आपल्या घराघरांत सांगितली जाते.

आमच्या वर्गातील उभे राहणे आणि ते गोणपाट एकच आहे असे आम्ही म्हणत नाही. तसे म्हणणे त्या काळातील यातनांवर अन्याय करणारे होईल. आज आम्ही एकाच बाकावर बसतो, एकाच नळाचे पाणी पितो, आणि हे राज्यघटनेमुळे व मोठ्या संघर्षामुळे शक्य झाले आहे. परंतु बसण्याची जागा आणि पाण्याचा नळ यांवरून मुलाला शाळा आपली की परकी हे कळते, एवढी गोष्ट तेव्हाही खरी होती आणि आताही खरी आहे.

याच साताऱ्यात त्यानंतर एका पिढीच्या आतच निराळा प्रयोग झाला. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली कराड तालुक्यातील काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ मध्ये तिचे कार्यालय साताऱ्यास आणले. तेथे त्यांनी वसतिगृह काढले. १९२७ साली महात्मा गांधींच्या हस्ते त्याला छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस असे नाव देण्यात आले. या वसतिगृहात सर्व जातिधर्मांची मुले एकत्र राहत, एका पंक्तीला जेवत, स्वयंपाक, झाडलोट आणि शेतीची कामे पाळीपाळीने करीत. कोणाचा मुलगा कोण हे पाहून कामे वाटली जात नसत. पुढे 'कमवा व शिका' म्हणून जी योजना महाराष्ट्रभर प्रसिद्ध झाली तिचे मूळ येथे आहे. तेथून शिकून गेलेली माणसे म्हातारपणीही 'आमचे बोर्डिंग' म्हणून बोलत. ज्या विहिरीचे पाणी स्वतः ओढले आणि ज्या चुलीवर स्वतः भाकरी भाजली, ती जागा माणूस विसरत नाही. शाळेचा अभिमान कसा तयार होतो याचे इतके स्पष्ट उदाहरण आम्हाला दुसरे सापडले नाही.

आमची शाळा वसतिगृहाची नाही. निम्मी मुले आजूबाजूच्या खेड्यांतून एसटीने येतात. मुलींना अहिल्यादेवी होळकर योजनेचा मोफत पास आहे, काही गावांना मानव विकास कार्यक्रमाच्या निळ्या गाड्याही येतात. या सोयींमुळे आमच्या कितीतरी बहिणी सातवीनंतर शाळेत टिकल्या. पण गाडीची वेळ ठरलेली असते. आमच्या शाळेत संमेलनाचा सराव शाळा सुटल्यावर पाच ते सात होतो आणि दोन गावांची शेवटची गाडी साडेपाचला सुटते. म्हणून नाचात, नाटकात, समूहगीतात गावातल्याच मुली दिसतात. बक्षीस समारंभात प्रमुख पाहुणे 'ग्रामीण भागातील विद्यार्थ्यांनी पुढे यावे' असे भाषण करतात, तेव्हा त्या दोन गावांच्या मुली स्टँडवर उभ्या असतात. यात कोणी कोणाला मुद्दाम वगळलेले नाही. वेळापत्रकानेच वगळले आहे, आणि वेळापत्रक बदलता येते.

गेल्या वर्षी आमच्यापैकी तिघे-चौघे एका वर्गशिक्षकांना भेटलो. मनात भीती होती. आम्ही तक्रार केली नाही, फक्त शिष्यवृत्तीच्या वेळी काय होते ते सांगितले. सर थोडा वेळ गप्प बसले, मग म्हणाले, "मला हे कधी सुचलंच नाही रे." यंदा त्यांनी पद्धत बदलली. दहावीच्या मुलांना कसली ना कसली कागदपत्रे द्यावीच लागतात. कोणाला बोर्डाच्या अर्जासाठी, कोणाला दाखल्यासाठी, कोणाला बँक पासबुकाची प्रत. सरांनी सर्वांना एकेक पाकीट आणायला सांगितले आणि हजेरी क्रमांकाने एकेकाला टेबलाजवळ बोलावून कागद तपासले. कोणाच्या पाकिटात काय होते ते कोणालाच कळले नाही. तक्ता त्याच दिवशी भरून झाला. आठवीतली ती मुलगी आता दहावीत, याच सरांच्या वर्गात आहे. तिचा अर्ज यंदा भरला गेला आहे.

तुकड्यांचा प्रश्न एवढा सोपा नाही, तो आमच्या हातातही नाही. संमेलनाविषयी मात्र आम्ही मुख्याध्यापकांना अर्ज दिला आहे. सराव शेवटच्या दोन तासिकांत घ्यावा आणि प्रत्येक तुकडीतून किमान पाच मुले रंगमंचावर असावीत, अशा दोन मागण्या त्यात आहेत. पहिल्या मागणीवर अभ्यास बुडेल अशी काही शिक्षकांची हरकत आहे. ती अगदीच चुकीची नाही. म्हणून तिसरा मार्गही आम्ही सुचविला आहे : डिसेंबरमधील पंधरा दिवस साडेपाचची गाडी सव्वासातला सोडावी, असे पत्र शाळेने आगार व्यवस्थापकांना द्यावे. संस्थेच्या पदाधिकाऱ्यांपैकी दोघेजण एसटीत नोकरीला होते. आगारात अर्ज कोणाकडे व कसा द्यायचा हे त्यांना चांगले माहीत आहे. ते आमच्याबरोबर येतील का, एवढे विचारावयाचे होते.