बेबाकी : शैक्षणिक कर्ज फिटते तेव्हा

विकास सोसायटीच्या व्यवहाराशी ज्याचा संबंध आला आहे, त्याला ‘बेबाकी दाखला’ हा शब्द वेगळा समजावून सांगावा लागत नाही. ‘बे’ म्हणजे विना आणि ‘बाकी’ म्हणजे उरलेले देणे. फारसीतून आलेला हा शब्द आमच्या माळशिरस तालुक्यातल्या शेतकऱ्याच्या तोंडी पिढ्यान्‌पिढ्या आहे. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत नातेपुत्यासारख्या गावांत कर्जाचा एक नवा प्रकार रुळला, तो म्हणजे मुलांच्या शिक्षणाचे कर्ज. ते काढायचे कसे, हे सांगणारे पुष्कळ भेटतात. ते संपते कसे, हे सांगणारे फार थोडे. शेवटचा हप्ता गेला की घरात पेढे येतात. पण शेवटचा हप्ता आणि कर्जमुक्ती यांच्यामध्ये थोडी वाट उरलेली असते, आणि या लेखात त्याच वाटेचा विचार करायचा आहे.

खत जाळण्यामागचे कारण

१२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांच्या पेढ्यांवर हल्ला केला. दख्खनचे दंगे म्हणून ही घटना प्रसिद्ध आहे. जमावाचा रोख मुख्यतः कर्जरोख्यांवर होता. रोखे हाती आले की ते जाळायचे, असा प्रकार गावोगाव झाला. त्यामागे अनुभव होता. पैसे दिले तरी पावती मिळत नसे, खत सावकाराच्या पेटीत तसेच राही, आणि कोर्टात खत बोलत असे, माणूस नव्हे.

त्यानंतर १८७९ मध्ये दख्खन शेतकरी साहाय्य कायदा झाला. पुणे, सातारा, अहमदनगर आणि सोलापूर हे चार जिल्हे त्याच्या कक्षेत होते. व्याजाच्या हिशेबाची उलटतपासणी करण्याचा अधिकार या कायद्याने न्यायालयाला दिला, हे अभ्यासक नेहमी सांगतात. मला त्यातल्या दुसऱ्या तरतुदी अधिक महत्त्वाच्या वाटतात. भरलेल्या प्रत्येक रकमेची लेखी पावती मिळण्याचा आणि सावकाराकडून वर्षाचा हिशेब मागण्याचा हक्क कुणब्याला मिळाला. फेडल्याचा कागद हाती आल्याशिवाय फेड पुरी होत नाही, हे तत्त्व आपल्या जिल्ह्यात असे जवळपास दीडशे वर्षांपूर्वीच कायद्यात आले.

हप्ता जातो, मुद्दल का हलत नाही?

आजचे शैक्षणिक कर्ज मुख्यतः इंडियन बँक्स असोसिएशनने २००१ मध्ये आखलेल्या नमुना योजनेवर चालते. चार लाखांपर्यंत तारण नाही, आईवडील सहकर्जदार असतात. साडेसात लाखांच्या वर स्थावर किंवा तत्सम तारण लागते. शिक्षणाचा काळ आणि पुढचे एक वर्ष हप्ता नसतो. या काळात सरळ व्याज साचत राहते आणि परतफेड सुरू होताना ते मुद्दलात मिळवले जाते.

एक हिशेब मांडू. चार वर्षांच्या अभ्यासक्रमासाठी दरवर्षी सुरुवातीला एक लाख असे चार लाख उचलले, व्याज दहा टक्के. पाच वर्षे हप्ता नाही. पहिल्या लाखावर पाच वर्षांचे व्याज, दुसऱ्यावर चार, तिसऱ्यावर तीन, चौथ्यावर दोन. एकूण १ लाख ४० हजार. म्हणजे पहिला हप्ता भरण्याआधीच कर्ज ५ लाख ४० हजारांचे झालेले असते. दहा वर्षांच्या फेडीला महिना सुमारे ७,१३६ रुपये हप्ता पडतो. पहिल्या हप्त्यातले ४,५०० रुपये व्याजाला जातात, मुद्दलाला मिळतात जेमतेम २,६३६. पाच वर्षांत सव्वाचार लाखांहून अधिक भरल्यावरही सुमारे ३ लाख ३६ हजार शिल्लक राहतात. निम्मे कर्ज संपायला सहा वर्षांहून अधिक काळ लागतो.

‘इतके भरतोय, तरी संपतच नाही’ ही तरुणांची तक्रार म्हणजे साधे अंकगणित आहे. त्यात बँकेने काही लपवलेले नसते आणि मुलाने काही उधळलेलेही नसते. हेच व्याज शिकत असतानाच भरत गेले, तर या उदाहरणात एकूण ८२ हजारांच्या आसपास वाचतात. नमुना योजनेत असे व्याज भरणाऱ्याला दरात एक टक्क्यापर्यंत सवलत देण्याचीही मुभा आहे. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न साडेचार लाखांच्या आत असेल, तर पात्र अभ्यासक्रमांसाठी या काळाचे व्याज केंद्र सरकारने भरण्याची योजना २००९ पासून आहे. आयकराच्या जुन्या पद्धतीत कलम ८०ई खाली भरलेल्या व्याजाची पूर्ण वजावट आठ वर्षांपर्यंत मिळते.

घर गहाण, शेत नाही

नीरा उजव्या कालव्यामुळे आमच्याकडे ऊस आला, आणि घराण्याची पत एकरांवर मोजण्याची सवय लागली. शैक्षणिक कर्जाला मात्र शेतजमीन तारण म्हणून घ्यायला बँका सहसा नाखूश असतात. २००२ च्या सरफेसी कायद्याने बँकांना कोर्टात न जाता तारण ताब्यात घेण्याचा अधिकार दिला. पण त्याच कायद्याच्या कलम ३१ ने शेतजमीन त्यातून वगळली. त्यामुळे बिगरशेती प्लॉट, राहते घर किंवा मुदतठेव मागितली जाते. शेतावरच्या कर्जाची चर्चा पारावर होते. राहत्या घरावरचे कर्ज माणूस कुणाला सांगत नाही. त्याचे ओझे त्यामुळे अधिक असते.

आमच्या धाकट्या मुलीच्या वैद्यकीय शिक्षणासाठी २०१३ साली साडेनऊ लाखांचे कर्ज काढले, तेव्हा घराची जागाच तारण दिली होती. मुलीने नोकरी लागल्यावर स्वतःच्या पगारातून ते फेडले आणि २०२४ मध्ये मुदतीआधीच संपवले. मी शाखेत गेलो तेव्हा ‘कागद मुख्य कचेरीतून यायचेत, फोन करू’ असे उत्तर मिळाले. मी लेखी अर्ज दिला आणि त्यात रिझर्व्ह बँकेच्या परिपत्रकाची तारीख घातली. चोविसाव्या दिवशी मूळ खरेदीखत हाती पडले.

तीस दिवस

ते परिपत्रक १३ सप्टेंबर २०२३ चे आहे आणि १ डिसेंबर २०२३ पासून लागू आहे. वैयक्तिक कर्ज पूर्ण फिटल्यापासून तीस दिवसांत मालमत्तेचे सर्व मूळ कागद परत करायचे आणि नोंदवलेला बोजा काढायचा, ही जबाबदारी त्याने बँकेवर टाकली. बँकेच्या कारणाने उशीर झाला, तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई कर्जदाराला द्यायची. कागद हरवले असतील, तर नव्या प्रती मिळवून देण्याचा खर्चही बँकेचाच. त्यासाठी आणखी तीस दिवस मिळतात. १८७९ च्या कायद्यातल्या पावतीचाच हा नातू म्हणायला हरकत नाही.

कर्ज फिटल्यावर चार गोष्टी हाती आल्या पाहिजेत. पहिली, खाते बंद झाल्याचा आणि काही देणे नसल्याचा दाखला, सहीशिक्क्यासह. दुसरी, मूळ कागद, दिलेल्या यादीशी ताडून. तिसरी, अधिकार अभिलेखावरचा बोजा. सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ रकान्यात बँकेचे नाव असेल, तर बँकेचे पत्र जोडून तलाठ्याकडे किंवा ई-हक्क प्रणालीवर बोजा कमी करण्याचा अर्ज करावा. फेरफार मंजूर झाल्यावर नवा उतारा काढून डोळ्यांनी पाहावा. गहाणखत नोंदवलेले असेल, तर मुक्तीचा दस्तही दुय्यम निबंधकाकडे नोंदवावा लागतो. चौथी, सिबिलसारख्या पतमाहिती संस्थेतली नोंद. तिथे खाते ‘क्लोज्ड’ दिसले पाहिजे. ‘सेटल्ड’ याचा अर्थ बँकेने कमी रकमेवर तडजोड केली असा होतो, आणि तो शेरा पुढच्या कर्जात आडवा येतो. हे खाते सहकर्जदार बापाच्या नावावरही दिसते, म्हणून दोघांचीही नोंद तपासावी. चुकीची नोंद तक्रारीनंतर तीस दिवसांत निस्तरली नाही, तर दिवसाला १०० रुपये भरपाईचा नियम एप्रिल २०२४ पासून आहे.

घरातली बेबाकी

शिक्षणासाठी कर्ज घेणे कमीपणाचे आहे, असे मानणारे अजून आहेत. त्यांच्यासाठी एक दाखला देतो. जमशेटजी टाटा यांनी १८९२ मध्ये परदेशी शिक्षणासाठी जो निधी उभारला, त्याची शिष्यवृत्ती कर्जरूपाने दिली जाते; घेणाऱ्याने ती परत करायची असते. तिच्या पहिल्या मानकऱ्यांत कोल्हापूरच्या डॉ. कृष्णाबाई केळवकर होत्या. परत आलेला पैसा पुढच्या विद्यार्थ्याच्या कामी येतो. फेडण्यातला मान यात आहे.

मराठीत कर्ज फेडतात, तसे आईबापांचे पांगही फेडतात. हे दोन हिशेब आपण नकळत एकात मिसळतो. बँक शेवटी दाखला देते. घर मात्र देत नाही. ‘तुझ्यासाठी घर गहाण टाकलं होतं’ हे वाक्य कर्ज फिटल्यावरही लग्नाच्या बैठकीत, जमिनीच्या वाटणीत, बदलीच्या निर्णयात पुन्हा पुन्हा निघते. ज्या मुलीने दहा वर्षे आपल्या पगारातून हप्ते भरले, तिला ती बाकी आयुष्यभर दाखवत राहणे म्हणजे फाडायला हवे ते खत पेटीत जपून ठेवणे होय. सुप्याच्या लोकांना राग आला होता तो अशाच खतांचा.

म्हणून माझी सूचना साधी आहे. बँकेचा दाखला आला की त्याच दिवशी घरातल्यांनीही मुलाला स्पष्ट शब्दांत सांगावे की आमच्याकडे तुझे काही देणे उरले नाही. त्याला कागद लागत नाही, शिक्का लागत नाही. बँकेच्या दाखल्याने बोजा कागदावरून उतरतो. मुलाच्या खांद्यावरून तो उतरवणे घरच्यांच्याच हाती असते.